बेरा रिपोर्टमधलं ‘नस अजून पक्व नाही’ म्हणजे नेमकं काय?

चिंचवडच्या एका बाबांचा प्रश्न थोडक्यात असा. मेच्या शेवटी, ३४व्या आठवड्यात मुलगा झाला. बारा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होता, त्यातले तीन दिवस काविळीसाठी निळ्या दिव्याखाली. घरी सोडताना ओएई, म्हणजे आतल्या कानाचा प्रतिसाद मोजणारी चाचणी केली, त्यात डावा कान पास, उजवा रेफर, म्हणजे पुन्हा तपासायला हवा. सहा आठवड्यांचा झाल्यावर बेरा केली, म्हणजे कानात आवाज देऊन नसेतून मेंदूकडे जाणारे संदेश लहरींच्या आलेखात टिपणारी चाचणी. रिपोर्टच्या तळाशी शेरा आहे की पहिल्या आणि पाचव्या लहरीतलं अंतर लांबलेलं आहे. डॉक्टर म्हणाले, नस अजून पक्व नाही, तीन महिन्यांनी परत करू. आजी म्हणतात, थाळी वाजवली की दचकतो, त्याला काहीही झालेलं नाही. बारशाला आत्याने कानात नाव सांगितलं तेव्हा मात्र तो ढिम्म होता. आणि बाबांनी कुठेतरी वाचलंय की माकडाच्या पिल्लाचं ऐकणं जन्मतःच जवळजवळ तयार असतं. मग माणसाच्या बाळाचं का नाही? ते आपोआप पक्व होईल का? आणि तोवर नुसतं थांबायचं का?

मी गेली बावीस वर्षं पुण्यात ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करते, त्यातला बराच वेळ नवजात बाळांच्या बेरा करण्यात गेला आहे. तुमच्यासारखा कागद हातात घेऊन बसलेले आईबाबा मला दर आठवड्याला भेटतात. आधी एक गोष्ट सांगते. मी तुमच्या बाळाच्या लहरींचे आलेख पाहिलेले नाहीत, तुम्ही लिहिलेले आकडे तेवढे माझ्यासमोर आहेत. त्यामुळे पुढे जे म्हणते आहे ते ‘असं असावं’ या स्वरात वाचा. निर्णय बाळाला प्रत्यक्ष तपासणाऱ्याचा.

खरी अडचण ‘पक्व’ या शब्दात आहे. ऐकण्याच्या वाटेत तीन टप्पे आहेत: कानातला शंख म्हणजे कॉक्लिया, तिथून मेंदूच्या खोडातून वर जाणारी वाट, आणि सगळ्यात वर मेंदूचा कॉर्टेक्स, जिथे आवाजाला अर्थ येतो. हे तिन्ही वेगवेगळ्या वेळी तयार होतात. पहिला टप्पा जन्माच्या बऱ्याच आधी होतो. दुसरा बहुतांशी आपल्या आपण, वयानुसार होतो. तिसरा आवाज मिळाल्याशिवाय नीट होतच नाही. तुमचा रिपोर्ट फक्त दुसऱ्या टप्प्याबद्दल बोलतोय. तुमची काळजी तिसऱ्याबद्दल आहे. आणि उजव्या कानाचं जे दिसतंय, त्याचा पक्वतेशी बहुधा संबंधच नाही.

आता आकडे बघू. तुम्ही लिहिलंय की ७० डेसिबलला डाव्या कानात पहिली लहर १.८ मिलिसेकंदाला आणि पाचवी ६.९ ला. उजव्यात पहिली २.६ ला, पाचवी ७.७ ला. आवाज कमी कमी करत नेला तेव्हा डाव्या कानात पाचवी लहर ३० डेसिबलपर्यंत दिसली, उजव्यात ५० पर्यंतच.

दोन्ही कानांत पहिल्यापासून पाचव्या लहरीपर्यंतचं अंतर ५.१ मिलिसेकंद आहे. मोठ्या माणसात ते साधारण ४ असतं, म्हणून ५.१ दिसलं की ‘लांबलं’ असा शेरा पडतो. पण तुमच्या बाळाचं वय किती धरायचं? जन्म ३४ आठवड्यांचा, चाचणी त्यानंतर सहा आठवड्यांनी. म्हणजे चाचणीच्या दिवशी त्याचे चाळीस आठवडे जेमतेम भरत होते. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मल्या दिवशी जिथे असतं, तिथे तुमचा मुलगा त्या दिवशी होता. आणि पूर्ण दिवसांच्या नवजात बाळात हे अंतर ५ च्या आसपासच असतं. मला यात काही लांबलेलं दिसत नाही. बहुधा मशीनमध्ये भरलेल्या मोठ्यांच्या आकड्यांशी तुलना झाली असावी, किंवा दिवस भरण्याआधी जन्मल्याचा हिशोब धरलेला नसावा. तुमच्या ऑडिओलॉजिस्टना एवढंच विचारा: ‘हे कुठल्या वयाच्या नॉर्मशी, म्हणजे सर्वसाधारण आकड्यांशी, ताडून पाहिलंय?’ प्रश्न अगदी रास्त आहे, कुणी रागावणार नाही.

हे अंतर का कमी होत जातं, ते समजून घेतलं तर मनावरचं अर्धं ओझं उतरेल.

कॉक्लिया गर्भातच तयार होते. पोटावर कंपनाचा आवाज लावला तर २४–२५व्या आठवड्यापासून काही गर्भ डोळे मिटून प्रतिसाद देतात, २८व्या आठवड्यानंतर जवळजवळ सगळेच. त्याच सुमाराला, २६ ते २९ आठवड्यांच्या दरम्यान, खोडातल्या श्रवणवाटेवर मायलिन चढायला लागतं. मायलिन म्हणजे तंतूंवरचं चरबीचं वेष्टन. ते जसजसं जाड होतं तसतसा संदेश वेगाने पळतो. पेशी-पेशींमधले जोडही हळूहळू चपळ होत जातात. बेराच्या लहरींपैकी पहिली कानाजवळच्या नसेतून येते, तिसरी खोडात शिरल्यावरच्या पहिल्या केंद्राजवळून, आणि पाचवी त्याच्याही वर, इन्फिरियर कॉलिक्युलस नावाच्या केंद्राजवळून. म्हणून १ ते ५ हे अंतर म्हणजे खोडातला प्रवासाचा वेळ. बाळाचं डोकं वाढतं तसं हे अंतर मिलिमीटरमध्ये खरं तर लांबत असतं, तरीही प्रवासाचा वेळ घटतो, इतका वेग वाढतो. दीड-दोन वर्षांच्या सुमाराला तो मोठ्यांइतका होतो.

पण नुसता वेग वाढणं पुरेसं नाही, सगळे तंतू एकत्र बोलले पाहिजेत. पालकांना हे समजावताना मी नेहमी ढोलपथकाचं उदाहरण देते, कारण पुण्यात ते सगळ्यांनी कानांनी अनुभवलेलं आहे. जुलैमध्ये नदीपात्रात सराव सुरू होतो तेव्हा पथकात निम्मी मुलं नवीन असतात. प्रत्येक जण ढोल वाजवतोच आहे, पण टोल मागेपुढे पडतात. लांब पुलावर उभं राहून ऐकलं तर नुसता गडगडाट. गणपती जवळ येईपर्यंत तेच टोल एकावर एक पडायला लागतात आणि पुलावर स्पष्ट ठेका ऐकू येतो. बेराचे इलेक्ट्रोड असेच लांब, कपाळावर आणि कानामागे, पुलावर उभे असतात. त्यांना एकेका तंतूचं बोलणं कळत नाही, हजारो तंतू एका क्षणी बोलले तरच लहर उमटते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळात लहरी बुटक्या, पसरट आणि उशिरा दिसतात त्या यामुळे. वाजवणारे आहेत, ठेका अजून जमायचाय.

म्हणून उशीर आणि कमी ऐकू येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लहर उशिरा आली पण ३० डेसिबललाही आली, तर आवाज पोचतोय. तुमच्या बाळाचा डावा कान असाच आहे. तो कान घरातलं बोलणं ऐकण्यासाठी पुरेसा चांगला दिसतो, आणि ही खरोखर चांगली बातमी आहे.

आता उजवा कान. इथे मी तीन महिने थांबणार नाही.

उजव्या कानात पहिली लहरच ०.८ मिलिसेकंद उशिरा आहे, आणि पाचवीही नेमकी तेवढीच. मधलं अंतर डाव्याइतकंच. म्हणजे खोडातल्या वाटेने वेळ घेतलेला नाही, संदेश निघतानाच उशीर झालाय. खोडातली वाट दोन्ही बाजूंना सारख्याच वयाची आहे. त्यामुळे एकाच कानाचा हा उशीर ‘नस पक्व नाही’ या खात्यात घालता येत नाही. अशा वेळी पहिला संशय पडद्यामागच्या द्रवाचा. जन्मानंतर काही बाळांच्या मध्यकर्णात द्रव राहतो, एनआयसीयूतल्या बाळांत तर तो बऱ्यापैकी दिसतो. त्यामुळे आवाज आत जाताना वीसेक डेसिबलने मंद होतो, सगळ्या लहरी एकसाथ मागे सरकतात आणि ओएईसुद्धा रेफर येते. तुमचे तिन्ही निष्कर्ष या एका गोष्टीने जुळतात. पण कॉक्लियातल्या दोषानेही पहिली लहर उशिरा येऊ शकते, म्हणून नुसत्या आकड्यांवर निकाल लावू नका. दोन-तीन आठवड्यांत टिम्पॅनोमेट्री, म्हणजे कानाचा पडदा नीट हलतो का ते पाहणारी चाचणी करून घ्या, आणि ती १००० हर्ट्झच्या टोनने करायला सांगा. मोठ्यांसाठीचा २२६ हर्ट्झचा टोन सहा महिन्यांच्या आतल्या बाळात फसवतो, द्रव असला तरी आलेख छान येतो. द्रव सापडला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. पुढच्या बेराला हाडामार्गे, म्हणजे बोन कंडक्शननेही तपासायला सांगा. कवटीच्या हाडातून दिलेला आवाज पडदा आणि द्रव टाळून थेट कॉक्लियात पोचतो, त्यामुळे अडथळा बाहेर आहे की आत ते कळतं.

याच संदर्भात कळकळीने सांगते: मालिशवाल्या बाईंना कानात तेल घालू देऊ नका. टाळू भरा, अंगाला तेल लावा, शेक द्या, पण कानात कोमट तेलाचा थेंबसुद्धा नको, लसणाचं तर नकोच. कान आपला आपण स्वच्छ होतो. तेलाने मळ चिकटतो, तपासणी बिघडते आणि कोवळ्या त्वचेला इजाही होऊ शकते. आजींना हे आवडणार नाही, तेव्हा माझं नाव सांगा हवं तर.

आजींच्या थाळीबद्दल. त्यांचं निरीक्षण खोटं नाही, बाळ दचकतंय म्हणजे काहीतरी पोचतंय. पण दचकणं हे खालच्या खोडातलं काम आहे आणि थाळीचा आवाज फार मोठा असतो. साठ-सत्तर डेसिबलचा दोष असलेलं बाळही थाळीला दचकू शकतं, आणि त्याला आईचं बोलणं मात्र ऐकू येत नसतं. शिवाय जमिनीची थरथर, हवेचा झोत, हाताची हालचाल हेही त्याला जाणवतं. बारशाच्या वेळी ढिम्म राहण्याचंही तसंच. तुमच्या हिशोबाने तो तेव्हा ३६व्या आठवड्यातलं बाळ होता. अशा बाळाने हळू आवाजाला प्रतिसाद न देणं ही रोजची गोष्ट आहे. आत्याने कानात सांगितलेलं ‘कुर्रर्र’ त्याने ऐकलं नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

अजून एक गंमत आहे, ती माहीत नसली की घरात घबराट होते. पूर्ण दिवसांची नवजात बाळं खुळखुळ्याच्या बाजूला सावकाश मान वळवतात. दोन महिन्यांच्या आसपास हे वळणं कमी होतं, जवळजवळ बंदच होतं, आणि चार महिन्यांच्या सुमाराला जास्त वेगाने आणि जास्त अचूक परत येतं. आधीचं वळणं खालच्या केंद्रांचं, नंतरचं कॉर्टेक्सच्या ताब्यातलं, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ लावतात. मधल्या काळात ‘आधी बघायचा, आता बघत नाही’ म्हणून पालक धावत येतात. तुमच्याकडे हा काळ दिवसांच्या हिशोबाने पुढे सरकून येईल, ते लक्षात ठेवा.

आता माकडाचा प्रश्न. हा प्रश्न मला फार आवडला, कारण उत्तर ‘हो’ही आहे आणि ‘नाही’ही.

महाबळेश्वरला जाताना घाटात माकडीण पोटाशी पिल्लू घेऊन कठड्यावर बसलेली तुम्ही पाहिली असेल. ते काही दिवसांचं पिल्लू स्वतःच्या मुठींनी आईची लव धरून लटकलेलं असतं. आपलं त्या वयाचं बाळ मानही धरत नाही. ऱ्हीसस माकडाचा गर्भकाळ सुमारे १६५ दिवसांचा, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी कमी. तरी जन्मताना त्याचा मेंदू पूर्ण वाढीच्या निम्म्याहून बराच मोठा, साधारण साठ टक्क्यांच्या पुढे असतो. चिंपांझीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास, आणि माणसात जेमतेम पाव ते तीस टक्के. खोडातल्या श्रवणवाटेचंही तेच: माकडाच्या पिल्लाच्या लहरी त्याच्या मोठ्यांच्या लहरींच्या जितक्या जवळ असतात, तितक्या आपल्या बाळाच्या नसतात. म्हणजे तुम्ही वाचलंत ते बऱ्याच अंशी खरं आहे.

पण तुलना करताना मिलिसेकंदांची मिलिसेकंदांशी करू नका. माकडाचं डोकं लहान, वाट आखूड, त्यामुळे त्याचे आकडे तसेही कमीच येणार. पिल्लाची तुलना त्याच्याच आईशी केली तर कळतं की जन्मानंतर त्याचाही वेग वाढायचा बाकी असतो. वाट तीच, क्रमही तोच: आधी कॉक्लिया, मग खोड, मग कॉर्टेक्स. फरक इतकाच की जन्माची रेघ त्या क्रमात कुठे पडते. माकडाचं पिल्लू जी मजल पोटात मारून येतं, तिचा मोठा भाग आपलं बाळ आपल्या घरात, आपल्या बोलण्याच्या गराड्यात मारतं. कॉर्टेक्समधलं मायलिन चिंपांझीत वयात येण्याच्या सुमाराला पूर्ण होतं, माणसात ते वयाच्या विशीनंतरही चालू असतं. मला यात उणेपणा वाटत नाही. भाषा शिकणाऱ्या प्राण्याला शिकण्यासाठी उघडा राहिलेला मेंदू हवाच.

माकडांच्या पिल्लांनी आपल्याला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि तिची किंमत त्यांनी मोजली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस विंडल नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्माच्या वेळी काही मिनिटं प्राणवायू तोडलेल्या ऱ्हीसस पिल्लांचे मेंदू तपासले. सगळा मेंदू सारखा बिघडेल असं वाटलं होतं, पण खोडातली ठराविक केंद्रं, त्यातही दोन्ही बाजूंचा इन्फिरियर कॉलिक्युलस, सगळ्यात आधी आणि जास्त बिघडलेला सापडला. हेच ते पाचव्या लहरीजवळचं केंद्र. पुढे कळलं की या केंद्राची ऊर्जेची भूक मेंदूत सर्वांत जास्त असलेल्या भागांत मोडते. म्हणून बाळ जन्मल्यावर उशिरा रडलं का, हा प्रश्न आम्ही विचारतो तेव्हा तो उगाच नसतो. त्या प्रयोगांचं वर्णन पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्री नीट झोप लागली नव्हती. पण आज एनआयसीयूतून जाणाऱ्या बाळाची बेरा न चुकता करा म्हणून मी आग्रह धरते, त्यामागे ती पिल्लंही आहेत.

काविळीचंही तसंच काहीसं आहे. बिलिरुबिन फार वाढलं तर ते श्रवणनसेला आणि खोडातल्या पहिल्या केंद्राला इजा करतं. कॉक्लिया मात्र शाबूत राहते. अशा बाळात ओएई पास येते आणि बेरात लहरी नाहीत, म्हणजे वाजवणारे सगळे आहेत पण ठेका कधीच जमत नाही. तुमच्याकडे फक्त दिव्याखाली ठेवून भागलं, रक्त बदलावं लागलं नाही, आणि डाव्या कानाच्या लहरी व्यवस्थित आहेत. त्यामुळे मला त्याची भीती वाटत नाही. तरी डिस्चार्ज कार्डवर बिलिरुबिनचा सर्वांत वरचा आकडा काय लिहिलाय आणि जेंटामायसिन किंवा अमिकासिनसारखं प्रतिजैविक किती दिवस दिलं, हे बघून पुढच्या तपासणीला सांगा.

आता ‘आपोआप पक्व होईल का’ याचं उत्तर. खोडातला वेग, हो, बहुतेक बाळांत होतो. अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. छत्तिसाव्या आठवड्याच्या बेरात मोठ्या आवाजालाही धड लहर नव्हती, ओएई मात्र होती. दुसऱ्या एका ठिकाणी तिच्या आईला थेट कॉक्लिअर इम्प्लांटबद्दल, म्हणजे शस्त्रक्रियेने कॉक्लियात बसवायच्या यंत्राबद्दल ऐकवलं गेलं होतं. आम्ही थांबलो, पण तारीख ठरवून थांबलो. बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून मोजून तीन महिन्यांची झाली तेव्हा पाचवी लहर ३० डेसिबलला स्पष्ट उभी होती. आज ती शाळेत कविता म्हणते.

पण याच्या उलट प्रसंग माझ्या मनातून कधीच जात नाही, आणि चूक माझीच होती. कामाला लागून दुसरं वर्ष असेल. जुन्नरकडचं एक जोडपं, बाळाच्या लहरी मोठ्या आवाजालाच उमटत होत्या. मी त्यांना म्हटलं, ‘लहान आहे, होईल पक्व, काही महिन्यांनी परत या.’ तारीख दिली नाही, फोन नंबर घेतला नाही. ‘होईल पक्व’ एवढंच त्यांच्या लक्षात राहिलं. ते परत आले तेव्हा मुलगा साडेतीन वर्षांचा झाला होता आणि एकही शब्द बोलत नव्हता. लहरी उशिरा येणं ही पक्वतेची गोष्ट होती, ती दुरुस्त झालीही असेल. ऐकू येण्याची पातळी मात्र होती तिथेच होती, आणि मी दोन्ही गोष्टी एका शब्दात बांधून दिल्या होत्या. तेव्हापासून माझ्या कुठल्याही कागदावर तारखेशिवाय ‘रिपीट’ लिहिलेलं सापडणार नाही.

साडेतीन वर्षं हा आकडा इतका का बोचतो? कारण कॉर्टेक्स वाट बघत नाही. श्रवण-कॉर्टेक्समधल्या जोडांची दाटी साधारण तीन महिन्यांच्या वयात शिगेला पोचते. पुढे वापरातले जोड टिकतात, बाकीचे छाटले जातात, आणि हे बारा वर्षांपर्यंत चालतं. संशोधक अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांमध्ये इम्प्लांटनंतर कॉर्टेक्सची पी-१ ही लहर मोजली. नवजात बाळात ती ३०० मिलिसेकंदांच्या आसपास असते, मोठ्यांत ६० च्या. साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत ती काही महिन्यांत वयाप्रमाणे जागेवर आली. सात वर्षांनंतर झालेल्यांत ती बहुतेकांत आलीच नाही. खोड स्वतःच्या वेळापत्रकाने चालतं, कॉर्टेक्सला रोजचा शिधा लागतो.

आणि हा शिधा अगदी बारीक असतो. वर्कर आणि टीस या संशोधकांनी १९८४ साली दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतला त आणि ट सहज वेगळा ओळखतात, पण वर्षाची होता होता तो फरक त्यांच्या हातून निसटतो. हिंदी घरातल्या बाळांत तो पक्का राहतो. तुमच्या मुलाला ‘तोप’ आणि ‘टोप’ वेगळे ऐकू यावेत याची तयारी पहिल्या वर्षातच होते, तीही आजी स्वयंपाकघरातून ‘तो टोप इकडे दे गं’ म्हणते तेव्हा.

म्हणून तीन महिने नुसतं थांबू नका, बोला. टीव्ही किंवा मोबाइलवरची गाणी यात धरत नाही. त्याने ‘आगूं’ म्हटलं की थांबून त्याच्याकडे बघून उत्तर द्या. याबाबतीतला सर्वांत गोड पुरावा पुन्हा माकडांकडूनच आलाय. मार्मोसेट नावाची छोटीशी माकडं ब्राझीलची. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात गझनफर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की ज्या पिल्लांच्या हाकांना आईबाप जास्त वेळा ओ देतात, त्यांचं रडवेलं किरकिरणं लवकर थांबतं आणि मोठ्यांसारखी हाक लवकर जमते. नुसता आवाज कानावर पडण्याहून हाकेला ओ मिळणं महत्त्वाचं ठरलं. तुमचं बाळ डाव्या कानाने ऐकतंय, तर निदान महत्त्वाच्या गप्पा त्या बाजूने मारा. अंगाईलाही तीच बाजू धरा.

फक्त गणपतीत जपा. आधी सराव आणि मग मिरवणुका. बाळाची कानाची नळी इतकी लहान असते की उंच स्वर तिच्यात मोठ्यांपेक्षा जास्त घुमतात. ढोल-ताशाजवळ त्याला नेऊ नका, ‘सवय होईल’ म्हणून तर अजिबात नको. खिडकीतून गणपती दाखवा, पुढच्या वर्षी मांडवात न्या.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. दोन-तीन आठवड्यांत १००० हर्ट्झची टिम्पॅनोमेट्री आणि दोन्ही कानांची ओएई. पूर्ण बेरा, हाडामार्गेसकट, बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून तीन महिन्यांनी, म्हणजे दसऱ्याच्या आसपास. जन्मतारखेने मोजून आधी नको आणि दिवाळीनंतर तर नकोच. तेव्हा पडदा नीट असूनही उजव्या कानाची पातळी वरच राहिली तर त्या कानासाठी श्रवणयंत्राचा विचार लगेच करायचा, एक कान चांगला आहे म्हणून सोडून द्यायचं नाही. दोन्ही कानांत दोष निघाला असता तर सहा महिन्यांच्या आत यंत्र लागावं हा आमचा ठरलेला आग्रह असतो. आणि सगळं उत्तम आलं तरी, पाच दिवसांहून जास्त एनआयसीयूत राहिलेलं बाळ म्हणून नऊ महिन्यांपर्यंत एकदा वागणुकीची चाचणी करा. आवाजाकडे वळलं की दिव्याचं खेळणं लागतं, अशी ती असते. ती बाळाला आवडते आणि आईबाबांना रडवते, आनंदाने.

बेरासाठी बाळ गाढ झोपलेलं लागतं, मागच्या वेळी चुळबुळ झाली असेल तर आलेख त्यानेही खराब होतात. त्या दिवशी सकाळी त्याला जागं ठेवा, दूध थोडं लांबवा, गाडीत झोपू देऊ नका. चिंचवडहून येताना हेच सगळ्यात अवघड जातं, म्हणून मागच्या सीटवर त्याच्याशी बोलायला आजींना बसवा. क्लिनिकमध्ये पोचल्यावर अंधाऱ्या खोलीत दूध पाजा, डोकं आणि कपाळ कोरडं, तेल न लावलेलं असू द्या. झोपेचं औषध न देता काम होतं, बहुतेक वेळा.